डांबरी अंगणाचा बांध

महाबळेश्वरात पावसाळ्याच्या तोंडाला लोक घरांना गवत बांधतात. छपराला नाही, भिंतींना. बांबूच्या ताट्यांत गवत दाबून बसवायचं आणि ती ताटी भिंतीला उभी बांधून टाकायची. कोकणातून वर चढणारा वारा पावसाला आडवा मारतो, भिंती पाणी पितात, म्हणून ही तजवीज. आप्पासोंनी तिथं बंगला घेतला त्या वर्षी त्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला विचारलं, "नाथाजी, भिंतीला गवात. मग माझ्या अंगणाला काय?"

अंगण म्हणजे बंगल्यापुढची मोटारी लावायची जागा. फाटकापासून पायरीपर्यंतचा रस्ता आणि त्याला लागून एक मोठा चौक. पाहुणे मोटारीतून उतरले की त्यांच्या पायाला लाल चिखल लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या चौकावर डांबर आम्हीच घातलं होतं. मी, माझी बायको राही आणि आमची टोळी.

मी माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचा. घरात मेंढरं होती. एकापाठोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, मेंढरं निम्मी राहिली, तेव्हा मी ती भावाच्या हवाली केली आणि लोकल बोर्डाच्या रस्त्यावर कामाला लागलो. राही माझ्याबरोबर आली. मी डांबराच्या भट्टीवर शिकलो, ती खडी फोडायची, पाट्या वाहायची. पुढं मी मुकादम झालो तरी तिनं पाटी सोडली नाही. आम्हाला मूल राहिलं नाही. रस्ता जसा पुढं जाईल तसं आमचं पाल पुढं जायचं. गोणपाटाचं पाल, तीन दगडांची चूल. राही म्हणायची, "चुलीतली राख गार व्हायच्या आत आपलं बिऱ्हाड हालतंय." हे ती रागानं म्हणत नसे. पाऊस आला, ऊन पडलं, तसं म्हणायची.

आप्पासो सांगलीचे हळदीचे व्यापारी. लढाई संपल्यावर लष्करानं डांबराची उरलेली पिंपं लिलावात काढली, ती त्यांनी उचलली. पहिल्यांदा सांगलीत त्यांच्या वखारीपुढची जागा करायला आम्हाला बोलावलं. हळदीच्या गाड्या पावसात रुतायच्या, म्हणून. जागा सपाट होती. चारी बाजूंनी वीतभर उंचीचा दगडी काठ घातला, म्हणजे डांबराच्या कडा बैलांच्या पायांनी तुटणार नाहीत आणि बाहेरचं पाणी आत येणार नाही. सांगलीचा पाऊस तो केवढा. ती जागा वर्षभर जशीच्या तशी राहिली. आप्पासो खूश झाले.

त्या खुशीत त्यांनी आम्हाला हरिपूरला नेऊन पेवं दाखवली. पेव म्हणजे जमिनीतली कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची आणि तोंड दगडमातीनं असं लिंपायचं की वारा जाणार नाही की पाणी जाणार नाही. हळद तिथं वर्षानुवर्षं टिकते.

राही वाकून आत बघत म्हणाली, "आप्पा, आन् आत पाणी शिरलं तर?"

"शिरतंय कसं? चारी अंगांनी बंद हाय की."

"शिरलंच तर?"

"मग हळद गेली, बाई. पण आमच्या आज्यापास्नं एक बी पेव गेलं न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो. खालून काळ्या दगडाची सोलिंग, म्हणजे तळाला बसवायचे मोठे दगड, आणि खडी गाड्या भरून आणली, कारण तिथला दगड तांबडा आणि ठिसूळ, रुळाखाली त्याची माती होते. टोळीनं चौक भरला, रूळ फिरवला, डांबर ओतलं, वर बारीक खडी पसरली. रस्त्याला आम्ही मधे पाठ ठेवतो, म्हणजे पाणी दोन्हीकडं ओघळून जातं. इथं आप्पासोंनी पाठ ठेवू दिली नाही. मोटार सपाटीलाच उभी राहिली पाहिजे, तिरकी दिसली तर बंगल्याला शोभत नाही, असं त्यांच्या मालकीणबाई सुलाबाई म्हणाल्या होत्या. दरीच्या बाजूला थोडा उतार होता, तो डोळ्यांना दिसत नव्हता.

काम संपत आलं तेव्हा गवताच्या ताट्यांवरून तो प्रश्न निघाला. गुंडा माळी बंगल्यावर जुन्या मालकापासून होता. तो म्हणाला, "हितं डांबार टिकत न्हाई, मालक. पल्याडच्या बंगल्याचं दोनदा वाहून गेलं. खालनं खारा वारा येतो, त्यो लोखंड खातो तर डांबराला काय सोडतोय?"

आप्पासो चौकाभोवती एक चक्कर मारून आले. "वारा काय करंल ते करंल. मला पाण्याचं भ्या हाय. वरनं डोंगराचं पाणी येणार, कडेनं शिरणार, डांबराखाली जाणार. ह्याला पेवासारखंच बंद करायचं. चौफेर बांध घालायचा. पाऊस सरला की फाटकापुढचा तुकडा मोटारींना मोकळा करू. सांगलीत टिकलं, हितं का टिकणार न्हाई?"

मला ते पटलं. राहीलाही पटलं. आम्ही माणची माणसं. आमच्याकडं पाऊस वर्षातून चार वेळा येतो आणि आलेलं पाणी शेतात अडवून धरायला जो तो बांध घालतो. बांध चांगला असला की माणूस शहाणा, असं आमच्या गावात मानतात. बांध घालू नका असं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

राही म्हणाली, "बांध मी घालते. गुडघ्याएवढा घालते, वरनं चिखल लिपते. पर आप्पा, एक बोलू का?"

"बोल की."

"पावसाळ्यात बंगला बंद ऱ्हातो. मोटारखान्यामागली खोली बी बंदच ऱ्हाती. ती आमाला द्या. पावसाळ्यात आमी अंगण राखतो, बाकीच्या दिसात बंगला राखतो. तुमची मान्सं येतील तवा भांडीकुंडी, झाडलोट मी करीन. कायमची द्या, मातूर. न्हाईतर आमी आपलं पाल घिऊन चाललो."

आप्पासो हसले. "सौदा करायला बाजारात बसीवली पायजे तुला."

"हळद न्हाई तुमची. खोली हाय."

"बरं. अंगण पावसातनं धड निघालं तर खोली तुमची. पण ह्या बांधाला कुणी हात लावायचा न्हाई. माझं पेव हाय हे."

राहीनं बांध घातला. सोलिंगचे उरलेले काळे दगड तिनं निवडून घेतले. दगडाचं मोठं तोंड बाहेर, आतून बारीक चीप ठोकून तो पक्का करायचा, मग दुसरा. वरच्या बाजूचा बांध झाला, दोन्ही कडांचा झाला, शेवटी दरीकडचा झाला. दरीकडचा लिंपून झाला त्या दिवशी तिच्या अंगात कणकण होती. ती म्हणाली, "उद्याच्याला एक हात फिरीवते, मग झालं." दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. ताप उतरला नाही. वैशाखातच गेली. टोळीच्या माणसांनी वेण्णेच्या काठाला नेऊन तिला पोचवली.

टोळी पावसाआधी खाली उतरली. शालूबाई म्हणून टोळीतली एक म्हातारी होती, ती म्हणाली, "मुकादम, तुमी बी चला. हितं एकटं काय करनार?" मी म्हणालो, "अंगण राखायचं हाय." आप्पासोही जाताना तसंच म्हणाले. "पावसाळा निघू दे, नाथाजी. अंगण ऱ्हायलं तर मग बघू खोलीचं." बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पावसाळ्यापुरती त्यांनी मला खोलीत राहायला सांगितलं. किल्ली गुंडाकडं ठेवली.

पाऊस लागला. महाबळेश्वरचा पाऊस मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो. इथं तो येतो आणि राहतो. धुकं दारातून आत येतं, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं. बाजार बंद होतो, माणसं वाईला उतरतात. मी आणि गुंडा, एवढेच त्या बाजूला राहिलो.

वरच्या बाजूचा बांध कामाला आला. डोंगराचं पाणी त्याला आपटून दोन्ही बाजूंनी वळायचं आणि दरीत जायचं. मी ते पाहत उभा राहायचो आणि मला बरं वाटायचं. पण आभाळातून जे पडत होतं ते चौकातच पडत होतं आणि चौकातून बाहेर जायला त्याला वाट नव्हती. पहिल्यांदा पाऊल बुडालं. मग घोटा बुडाला. गुंडा घोंगडी डोक्यावर घेऊन आला, बांधावर बसला आणि म्हणाला, "मुकादम, म्हशी कवा आनताय?"

"कसल्या म्हशी?"

"तळं एवढं झ्याक बांधलंय, मग डुंबाय कोण येनार? आप्पासो?"

मी घमेलं घेतलं आणि पाणी उपसून बांधाबाहेर टाकू लागलो. सकाळी उपसायचं, दुपारी उपसायचं. उपसलेल्या जागी पाणी परत भरायचं. गुंडाला थोड्या वेळानं दया आली, त्यानं रॉकेलचा डबा आणला आणि तोही उपसू लागला. "आमच्या बानं समिंदर उपसायची गोष्ट सांगितलीती," तो म्हणाला. "तवा मला वाटलं, असं यडं कोण असंल."

डांबराला पावसाची भीती नाही, हे मला माहीत होतं. पाऊस त्याच्यावरून निघून गेला पाहिजे. पाणी वर थांबलं की ते एखादी बारीक भेग शोधतं, खाली जातं, खडी आणि डांबर यांच्या मधे बसतं. मग वरचा थर तव्यावरल्या भाकरीसारखा फुगतो. त्यावर पाय दिला की पिचकन पाणी येतं. असा पहिला फुगा मला मधोमध दिसला. मी त्याच्यावर उभा राहिलो आणि माझ्या पायाखाली तो हलला.

काय करायला हवं ते त्या क्षणी मला कळलं. दरीकडचा बांध काढायला हवा होता. सांगलीत जे चाललं ते इथं चालणार नव्हतं, कारण तिथं पाणी यायचं आणि उन्हानं उडून जायचं. ते मला आधीच सुचायला हवं होतं, पण बांध दिसला की तो चांगलाच, ही आमची समजूत. आता सुचलं तरी मी काढला नाही. एक तर आप्पासोंची अट होती. बांधाला हात लावला म्हणून खोली गेली असं झालं असतं. आणि दुसरं, तो राहीचा होता. लिंपलेल्या चिखलावर तिच्या बोटांचे ठसे होते. पावसानं ते निम्मेअधिक धुतले होते, पण दरीकडच्या आतल्या अंगाला अजून दिसत होते. मी पाणी उपसत राहिलो.

आषाढात जोतीराम आला. राहीचा धाकटा भाऊ. लढाईत तो पलटणीत होता, परत येऊन त्यांच्या घरची मेंढरं बघत होता. वाईपासून चालत घाट चढून आला होता. घोंगडी पिळून पाणी काढलं आणि चुलीपुढं बसला.

"दाजी, आईनं धाडलंय. तुमाला न्यायला."

"अंगण?"

"अंगणाचं काय मला ठावं न्हाई. आई म्हनती, पोरगी गेली तर गेली, जावई तरी घरात बसू दे. मेंढरं हायत, घर हाय. हितं काय हाय?"

"खोली हाय."

"ही?" त्यानं वर पाहिलं. एका कोपऱ्यात गळत होतं, तिथं मी घमेलं ठेवलं होतं. "ही खोली?"

"तुझ्या आक्कानं मागून घेतलीय."

तो चहा प्याला. मग मला म्हणाला, चला, आक्काचा बांध दाखवा. आम्ही बाहेर गेलो. त्यानं बांधावरून हात फिरवला, एक दगड हलवून बघितला. हलला नाही. पलटणीत त्यानं सँडबॅगांच्या भिंती घातल्या होत्या, त्याला कळत होतं. "झ्याक बसीवलाय," तो म्हणाला. मग चौकात उतरला आणि त्याचा पाय पिंडरीपर्यंत बुडाला.

"हे काय, दाजी?"

मी त्याला सगळं सांगितलं. फुगे दाखवले. आता चार ठिकाणी झाले होते. म्हणालो, हा दरीकडचा बांध उघडला नाही तर पाऊस संपेपर्यंत डांबर उरणार नाही. अंगण गेलं तर खोली गेली.

"मग उगडला का न्हाई?"

"उगडतो म्हणतो."

तो माझ्याकडं बघत राहिला. "आक्काचं शेवटचं काम हाय ते."

"व्हय."

"माझ्यादेखत फोडू नगा. मी गेल्यावर काय करायचं ते करा. आईला जाऊन काय सांगू? आक्काचा बांध दाजींनी पहारीनं उकारला, आन् मी कडंला हुबा व्हतो?"

"मग तू आत बस जा."

"आत बसून ऐकू येणार न्हाई व्हय?"

"जोती, बांध ठिवला तर खोली जाती. खोली पायजे व्हती तिला. बांध नव्हं."

"तुमाला लय म्हाईत, तिला काय पायजे व्हतं."

हे तो बोलला आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं नसावं. तोंड फिरवून तो बांधावर बसला, राहीच्या दगडांवर, घोंगडी पांघरून. तो तिथं बसला की मी पहार मारणार नाही असं त्याला वाटलं असेल. पाऊस वाढला. धुक्यातून पलीकडचं काही दिसेना. मी पहार आणली आणि त्याच्यापासून लांब, दरीकडच्या बांधाच्या टोकाला, कोपऱ्यात सुरुवात केली.

दगड निघता निघेना. तिनं चिपा अशा ठोकल्या होत्या की पहारीचं टोक शिरत नव्हतं. मग मी खाली बसलो, एक चीप बोटांनी हलवली, मग दुसरी. पहिला दगड सुटला. त्याच्या मागचा आपोआप आला. आणि मग पाण्याला वाट मिळाली.

एवढं पाणी एका जागेवरून कधी सोडू नये, हे मला समजायला हवं होतं. आमच्या गावात पाणी कधी सोडायची पाळी आली नव्हती. चौकातलं सगळं पाणी त्या एका फटीकडं धावलं. फट रुंद झाली, दोन दगड खाली गेले, आणि पाण्यानं डांबराची कडा पकडली. कोपऱ्यातला थर आधी फाटला, मग उचलला गेला, खालची खडी धडाधड दरीत जाऊ लागली. मी फटीत दगड परत टाकायला गेलो, तो माझ्या हातातून गेला. गुंडा कुठून तरी ओरडत आला. "आवं, सगळं जाईल! सगळं अंगण जाईल!"

तेव्हा जोतीराम उठला. त्यानं घोंगडी टाकली, माझ्या हातातली पहार घेतली आणि तो बांधाच्या मधोमध गेला. "दाजी, एका जाग्याला ताण पडतोय. हितनं बी सोडा! त्या म्हाताऱ्याला पलीकडं लावा!"

मघाशी तो जिथं बसला होता तिथंच त्यानं पहार घातली. गुंडानं टिकाव आणला. मी हातांनी दगड उपटू लागलो. तिघांनी मिळून तो बांध ठिकठिकाणी उघडला, तसं पाणी पसरलं आणि कोपऱ्याकडची ओढ कमी झाली. नंतर आम्ही उरलेलेही दगड काढत गेलो, एकेक, शेवटपर्यंत. जोतीरामच्या हातांची बोटं फुटली होती. एक दगड काढताना तो थांबला, त्याच्या आतल्या अंगाकडं बघितलं आणि तोंड खाली करून तो इतरांपासून वेगळा ठेवला. थोड्या वेळानं तो त्यानं इतर दगडांतच ढकलला.

पाणी उतरलं. चौक दिसू लागला. एक कोपरा, बैलगाडी उभी राहील एवढा, गेला होता. बाकीचं होतं. त्यावरून पाऊस आता पडायचा आणि दरीकडं सरकून जायचा. जो उतार डोळ्यांना दिसत नव्हता तो पाण्याला दिसत होता.

जोतीराम श्रावण सरेपर्यंत राहिला. आम्ही गेलेल्या कोपऱ्याच्या तुटक्या कडेला दगड लावून पुढची झीज थांबवली. श्रावणात उघडीप पडायची तेव्हा फुगे कापून काढले. ओल्या जागी डांबर धरत नाही, म्हणून लोखंडी पत्रा चुलीवर तापवून त्या जागेवर ठेवायचो, वाफ निघायची, मग गरम डांबर ओतून वर खडी ठोकायची. शेवाळ आलं ते खराट्यानं घासलं. जोतीराम एकदा पत्रा उचलताना म्हणाला, "आईला सांगतो, दाजी हितं भाकऱ्या भाजाय ऱ्हायलेत." तो राही गेल्यावरचा त्याचा पहिला विनोद. मी हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मला थोडा परका वाटला.

दसरा झाल्यावर आप्पासो आले. सुलाबाई बरोबर होत्या. जोतीराम परत माझ्याकडं आला होता, तो पायरीजवळ उभा होता. मोटार फाटकातून आत येताच आप्पासोंनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि उतरले. दरीकडं बांध नव्हता, कोपरा नव्हता.

"नाथाजी, बांध कुठाय?"

"काढला."

"मी काय म्हणालो हुतो?"

"हात लावायचा न्हाई म्हणाला हुता. लावला."

"आणि कोपरा?"

"बांध काढताना गेला. काढला नसता तर सगळंच गेलं असतं, आप्पा. पाणी आत साठलं. पेवाला वरनं झाकण असतंय. हे उघडं हाय. आपल्या दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई."

आप्पासो काठी घेऊन चौकभर फिरले. नारळ घेताना वाजवून बघावा तसे ते काठीनं जागोजागी डांबर ठोकून बघत होते. फुग्यांच्या जागी थांबले, तिथं जास्त ठोकलं. ठणठणीत आवाज आला. काठापर्यंत जाऊन दरीत पाहिलं. परत आले.

"पल्याडच्या बंगल्याचं?" त्यांनी गुंडाला विचारलं.

"गेलं की, मालक. तिसऱ्यांदा."

आप्पासोंनी मान हलवली. मग घसा साफ केला. "नाथाजी, खरं बोलू का? खोली मी राहीला बोललो हुतो. दोघांना. ह्यांना" म्हणजे सुलाबाईंना, "इथं बाईमाणूस लागतंय. भांडी, पाहुणे. तू एकटा. तू अंगण राखशील, पण..."

सुलाबाई मोटारीच्या दाराशी उभ्या होत्या.

मी म्हणालो, "भांडी मी घासीन."

जोतीराम पुढं आला. "आप्पा, शबुद तुमी मान्साला दिला व्हता का भांड्याला?"

"ह्यो कोण?"

"राहीचा भाऊ," मी म्हणालो.

"लय बोलतोय."

"बहिणीवर गेलाय," सुलाबाई म्हणाल्या. त्यांनी राहीला दोनदाच पाहिलं होतं. "आवं, द्या की खोली. भांड्याला वाईची बाई येईल. पाऊसभर ह्या ढगात बसायला दुसरं कोण मिळणार हाय तुमाला?"

आप्पासोंनी काठी जमिनीवर आपटली, पण रागानं नाही. "कोपरा पैला कर. धड कर. मग गुंडाकडनं किल्ली घे. पण आता बांध न्हाई. वरच्या अंगाला ठेव, खाली नको."

"न्हाई. खाली नको."

कोपऱ्याला खडी हवी होती. ती खालून आणायची म्हणजे गाड्या, बैल, घाट. तांबडा दगड चालणार नव्हता. दरीकडच्या बांधाचे काळे दगड बाजूला ढीग करून पडले होते.

जोतीराम ढिगाकडं बघून म्हणाला, "ह्येच?"

"दुसरा दगड हाय का हितं?"

मी बसलो, पायांत दगड घेतला आणि हातोडा मारला. राही अशीच बसायची, मांडी न घालता, एक गुडघा वर. दगड फुटला. थोड्या वेळानं जोतीरामनं दुसरा हातोडा घेतला. तो पलटणीतला माणूस, त्याला खडी फोडायची सवय नव्हती, तुकडे मोठे पडायचे. मी म्हणालो, बारीक कर, नाहीतर ठोकून बसणार नाही. तो म्हणाला, "सांगा, सांगा. आक्का बी अशीच सांगायची." आम्ही ढीग संपेपर्यंत फोडत राहिलो. मग मी कोपऱ्यात भर घातली, पाणी मारून ठोकून बसवली, डांबर ओतलं, वर बारीक खडी टाकली. या वेळी दरीकडं मी थोडा जास्त उतार ठेवला. सुलाबाईंना तो दिसला नाही.

डांबर थंड झाल्यावर ड्रायव्हर मोटार घेऊन आला. चौकात इतर पाहुण्यांच्या मोटारी होत्या, त्या कोपऱ्याचीच जागा मोकळी होती. त्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं.

"मुकादम, हितं लावू का? धरंल न्हवं?"

"धरंल," मी म्हणालो. "लाव."